अलास्कातल्या सरकारी केबिन: आरक्षण, तयारी आणि तिथल्या रीतीभाती

पागोळी

अँकरेजला राहायला आल्यापासून घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी एकच आग्रह करते: हॉटेलातल्या दोन रात्री कमी करा आणि रानातल्या सरकारी केबिनमध्ये राहा. क्रूझ, डेनालीची बस, हिमनदीवरचं हेलिकॉप्टर यांबद्दल मराठीत भरपूर वाचायला मिळतं. केबिनबद्दल मला काहीच सापडलं नाही, म्हणून हा धागा काढते आहे. ज्यांनी राहून पाहिलंय त्यांनी भर घालावी.

केबिन म्हटल्यावर लोकांना रिसॉर्ट वाटतं, तेव्हा आधी तेच सांगते. लाकडाची एक खोली. फळ्यांच्या दोन मजली खाटा, गादी नाही. एक टेबल, बाकडी, लाकडाची नाहीतर तेलाची शेगडी, झाडू, करवत, लाकूड फोडायची जड कुऱ्हाड. थोडं लांब खड्ड्याचा संडास. वीज, नळ, मोबाइलची रेंज यांतलं काही नाही. अंथरूण-पांघरूण, भांडी, शिधा सगळं आपलं. तलावाकाठच्या बऱ्याच केबिनसोबत वल्ह्यांची होडी मिळते, लाइफ जॅकेट मात्र आपणच न्यायचं. रखवालदार नसतो, आणि बहुतेक ठिकाणी दाराला कुलूपही नसतं. भाडं माणशी नसून पूर्ण केबिनचं असतं, रात्रीला साधारण ५० ते ७५ डॉलर. चार-सहा जण मिळून गेलात तर अलास्कात याहून स्वस्त छप्पर मिळणार नाही.

सर्वात जास्त केबिन वनखात्याच्या, म्हणजे यूएस फॉरेस्ट सर्व्हिसच्या आहेत. आग्नेय अलास्कातलं टाँगस हे अमेरिकेतलं सगळ्यात मोठं राष्ट्रीय वन, जवळपास १ कोटी ७० लाख एकर. त्यात दीडशेच्या आसपास केबिन विखुरलेल्या आहेत. अँकरेजच्या दक्षिणेला आणि पूर्वेला चुगॅच राष्ट्रीय वन आहे, तिथे चाळीसेक. शिवाय राज्य उद्यानांच्या वेगळ्या आणि फेअरबँक्सच्या उत्तरेला व्हाइट माउंटन्समध्ये भूव्यवस्थापन खात्याच्या वेगळ्या.

आरक्षण सोपं आहे. वनखात्याच्या केबिन रेक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावर १८० दिवस आधी खुल्या होतात. जुलैतला शनिवार हवा असेल तर जानेवारीतच तयारीत बसा. मधल्या वारी आणि सप्टेंबरात मात्र चांगल्या केबिन रिकाम्या दिसतात. राज्य उद्यानांचं आरक्षण दुसऱ्या संकेतस्थळावर होतं. एका ठिकाणी दिसलं नाही म्हणून नाद सोडू नका.

खरा विचार पोचायचं कसं याचा करायचा. काही केबिन पायवाटेवर आहेत, काहींना बोट लागते आणि टाँगसमधल्या कितीतरी ठिकाणी पाण्यावर उतरणारं छोटं विमान हाच मार्ग आहे. केबिनचं भाडं ७० डॉलर आणि विमानाचं त्याच्या कितीतरी पट, असा हिशेब होतो. विमान माणशी मिळत नाही, सबंध ठरवावं लागतं. वजनाची मर्यादा काटेकोर असते, सामानासकट माणसांचं वजन विचारतात आणि ते खरं सांगायचं. ढग खाली आले की विमान येत नाही. दोन दिवस उशीर होणं तिथे नेहमीचं आहे, म्हणून दोन-तीन दिवसांचा जास्तीचा शिधा आणि परतीच्या मोठ्या विमानाआधी मोकळे दिवस ठेवायचेच.

आता मला मनापासून सांगायचंय ते. ही केबिन तुमच्यासाठी कोणी झाडून ठेवलेली नसते. खात्याची माणसं वर्षातून एखाद-दोनदा येतात. एरवी ती राहण्याजोगी असते ती फक्त आधीच्या पाहुण्यामुळे. तुम्ही भिजून संध्याकाळी दार उघडता, तेव्हा शेगडीशेजारी फोडलेली कोरडी लाकडं आणि वर बारीक ढलप्यांची मूठ ठेवलेली असते. ती कोणी ठेवली हे कळत नाही. निघताना आपण तेवढीच, जमलं तर थोडी जास्त, फोडून ठेवायची. अख्खी व्यवस्था एवढ्यावर उभी आहे, आणि मी इतक्या आग्रहाने लोकांना पाठवते ते यासाठीच.

प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देते.

---

जांभूळवाडी

वा, असंच काहीतरी शोधत होतो. आम्ही न्यू जर्सीत, मुलं ७ आणि ११ वर्षांची. विमानाचा खर्च झेपणार नाही. चालत जाता येईल अशी एखादी सांगाल का? आणि कुलूप नाही म्हणजे रात्री दार कसं बंद करायचं?

---

पागोळी

जांभूळवाडी, दाराला आतून कडी असते. बाहेरून कुलूप नसण्याचं कारण असं की वादळात अडकलेल्याला आसरा मिळावा. आरक्षण तुमचं असतं, पण कोणी गारठलेला दारात आला तर त्याला आत घ्यायचं, हे इथे सगळे पाळतात.

मुलांसोबत पहिल्यांदा जाताय तर नॅन्सी लेक बघा. अँकरेजच्या उत्तरेला गाडीने दीड तास, राज्य उद्यानाचा भाग. तलावाकाठच्या केबिन गाडीपासून थोड्याशाच चालीवर आहेत. मुलं कंटाळली किंवा आजारी पडली तर परत फिरता येतं.

त्यापुढची पायरी म्हणजे कीनाय द्वीपकल्पावरची क्रेसेंट लेक केबिन. क्रेसेंट क्रीकची वाट एका बाजूने साडेसहा मैल, चढ सौम्य. पहिल्यांदा भूर्ज आणि सूचिपर्णी स्प्रूसचं रान, मग दरी उघडत जाते आणि शेवटी तलाव. आर्क्टिक ग्रेलिंग नावाचा मासा तिथे आहे, पाठीवर शिडासारखा उंच पर असलेला. अकरा वर्षांचं मूल आरामात चालेल, सात वर्षांच्याला त्याच्या वेगाने सबंध दिवस द्या. जूनमध्ये उजेडाची चिंता नाही, अँकरेजला सूर्य रात्री साडेअकराच्या पुढे मावळतो. झोपताना डोळ्यांवर बांधायला पट्ट्या न्या, मुलांना त्याशिवाय झोप येत नाही.

---

दर्यावर्दी

मी जूनोत असतो, मूळ वेंगुर्ल्याचा. पागोळीताईंनी टाँगसचं नाव काढलंच आहे, तर पावसाबद्दल सांगतो.

टाँगसच्याच भागातल्या केचिकॅन गावाला वर्षाला ३८०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आकडा बघून आपल्या कोकणातल्या माणसाला विशेष वाटणार नाही. पण आपला पाऊस चार महिन्यांत पडून मोकळा होतो, त्यानंतर लाकूड वाळतं. इथे तो बाराही महिने पडत राहतो आणि बराचसा बारीक झिमझिम असतो. रानातलं पडलेलं लाकूड हातात घेतलं तर पिळता येईल इतकं ओलं. नवखा माणूस तेच शेगडीत घालतो आणि खोलीभर धूर करून बसतो.

माझी पद्धत सांगतो. जमिनीवर पडलेलं घ्यायचं नाही. उभं वाळलेलं किंवा दुसऱ्या झाडाला टेकून अधांतरी राहिलेलं खोड शोधायचं (जिवंत झाड तोडायला मनाई आहे). करवतीने हातभर तुकडे, मग ते उभे फोडायचे. बाहेरची दोन बोटं ओली असतात, आतला गाभा बहुतेक वेळा कोरडा सापडतो. तो गाभा सुरीने तासायचा, पातळ सालपटं एका टोकाला चिकटलेलीच ठेवायची. स्प्रूसच्या खोडावर जखमेच्या जागी पिवळट चीक गोठलेला दिसतो, तो खरवडून सालपटांमध्ये लावला की ओल्या हवेतही पेटतो. मोठी लाकडं शेगडीभोवती रचून ठेवायची, शेगडीला टेकवायची नाहीत. सकाळपर्यंत पुढच्या खेपेचं लाकूड तयार होतं.

घरून मेण लावलेले पेटवणीचे तुकडे नेले तरी हे यायला हवं, कारण ते तुकडे पहिल्याच संध्याकाळी संपतात.

आणखी एक. आरक्षणाच्या पानावर शेगडी लाकडाची की तेलाची हे नीट वाचा. तेलाची असेल तर तेल तुम्हीच न्यायचं, आणि पानावर सांगितलंय तेच.

---

पागोळी

दर्यावर्दी, तेलाचं लिहिलंत ते फार बरं केलंत. आमच्याकडे रिझरेक्शन पासच्या वाटेवर डेव्हिल्स पास केबिन आहे, झाडं संपतात त्याच्याही वर. तिथे जाळायला काडी मिळत नाही, म्हणून तेलाची शेगडी. पाठीवरून तेल वाहून न्यावं लागतं.

ही सगळी वाट ३९ मैलांच्या आसपास, होप गावापासून कूपर लँडिंगपर्यंत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सोनं शोधणाऱ्यांनी पाडलेली. वाटेवर ओळीने केबिन आहेत आणि रोज एका केबिनवर मुक्काम करत चालता येतं. मात्र लागोपाठच्या तारखा लागोपाठच्या केबिनमध्ये मिळणं कठीण. मी तंबू घेऊन जाते, मधल्या एका रात्रीची केबिन मिळाली तरी खूप होतं. सगळे कपडे त्या रात्री वाळतात.

---

निरंजना

मला अस्वलांची भीती वाटते, हे स्पष्टच सांगते. आणि आम्ही शाकाहारी आहोत, फोडणी-मसाल्याचा वास सुटतो. त्या वासाने अस्वलं येत नाहीत का? केबिनमध्ये स्वयंपाक करतात की बाहेर?

---

दर्यावर्दी

निरंजनाताई, भीती वाटणं योग्यच आहे. जूनोसमोरच्या अ‍ॅडमिरल्टी बेटावर तपकिरी अस्वलं दीड हजाराच्या घरात आहेत, चौरस मैलाला साधारण एक. तिथल्या मूळच्या क्लिंकिट लोकांनी बेटाला अस्वलांचा गड असं नाव दिलंय. त्याच बेटावर हॅसलबोर्ग तलावाकाठी केबिन आहेत आणि लोक मुलंबाळं घेऊन राहतात. कारण शिस्त पाळली जाते.

अस्वलाला वास कशाचाही येतो. तुमची फोडणी आणि शेजारच्याचा तळलेला मासा यात त्याच्या लेखी भेद नाही. मासे साफ केल्याचा वास तर त्याच्या ओळखीचाच. महत्त्वाचं हे की वासाच्या मागे आलेल्या अस्वलाला खायला काहीही मिळता कामा नये. एकदा मिळालं की ते परत येतं, आणि मग त्या केबिनवर येणाऱ्या प्रत्येकाला धोका. शेवटी अस्वलालाच मारावं लागतं. म्हणून खरकटं, साली, तेलकट कागद, टूथपेस्ट, सगळं बंद डब्यात. संडासात खरकटं टाकायचं नाही. बरेच जण तिथेच चुकतात आणि संडासाचं दार अस्वल उचकटून काढतं.

शिजवणं आतच करा, पण खिडकी उघडी ठेवून. गॅसची छोटी शेगडी बंद खोलीत चालवली की कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला ना रंग ना वास. बॅटरीवर चालणारा त्याचा छोटा अलार्म मिळतो, तो नेणं शहाणपणाचं.

अस्वलांसाठीचा तिखट फवारा इथेच दुकानातून घ्या. प्रवासी विमानात तो हातातल्या सामानातही चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. गॅसच्या डब्यांचंही तसंच. पाण्यावरच्या छोट्या विमानात पायलटला आधी सांगायचं, तो फवारा बाहेर, विमानाखालच्या तरंगत्या तराफ्याच्या कप्प्यात ठेवतो.

---

पागोळी

निरंजना, जेवणाचं मी सांगते. जिथे भांडी धुतलेलं पाणी लांब नेऊन टाकावं लागतं तिथे कमी भांड्यांचं आणि कमी तेलाचं जेवण सोयीचं. घरून फोडणी करून, परतून, थंड करून भरलेलं उपम्याचं आणि मुगाच्या खिचडीचं कोरडं मिश्रण नेते. तांदूळ आणि डाळ भाजून घेतली की इंधन कमी लागतं. मेतकूट, लसणाची कोरडी चटणी, पहिल्या दोन दिवसांसाठी दशम्या. साजूक तूप छोट्या घट्ट झाकणाच्या बाटलीत. पापड नेऊ नका, चुरा होतो आणि तो उंदरांच्या कामी येतो.

उंदीर हा अस्वलापेक्षा रोजचा प्रश्न आहे. छताला टांगलेल्या दोऱ्या दिसतील, दोरीच्या मध्यावर पत्र्याचा डबा किंवा झाकण ओवलेलं असतं. उंदीर दोरीवरून उतरायला लागला की त्या पत्र्यावरून घसरतो. शिध्याची पिशवी त्या झाकणाच्या खाली टांगायची. पुढच्यासाठी म्हणून अर्धं पीठ, उरलेला भात मागे ठेवणं चांगुलपणाचं वाटतं, पण उंदीर त्यावरच पोसले जातात. मागे ठेवायचं ते फक्त लाकूड.

पाणी कितीही नितळ दिसलं तरी उकळून किंवा गाळून. बीव्हर या पाण्यात राहणाऱ्या प्राण्यामुळे जिआर्डिया हा पोटाचा आजार होतो आणि तो महिनाभर पिच्छा सोडत नाही.

---

मोडी_लिपी

धागा चांगला आहे, पण मला एक मूलभूत शंका आहे. अमेरिकेचा १९६४ चा वन्यभूमी कायदा सांगतो की अशा भागात माणूस पाहुणा म्हणून येतो, राहत नाही. रस्ते नाहीत, इमारती नाहीत. मग तिथे केबिन बांधून भाड्याने देणं हा त्या कल्पनेचाच भंग नाही का? उद्या वीज मागतील, परवा इंटरनेट.

---

पागोळी

मोडी, शंका रास्त आहे आणि इथे यावर खूप वाद झालेले आहेत. १९८० मध्ये अलास्कासाठी वेगळा कायदा आला. त्यानेच टाँगसमधले मोठाले भाग वन्यभूमी म्हणून राखीव केले, आणि त्याच कायद्यात लिहिलं की आधीपासूनच्या सार्वजनिक केबिन तशाच चालू राहतील, लोकांच्या आरोग्यासाठी आणि सुरक्षिततेसाठी गरज असेल तर नवीनही बांधता येतील. इतर राज्यांत ही मुभा नाही. कारण इथली हवा आणि अंतरं. भिजलेला माणूस जुलैतही गारठून मरू शकतो, आणि पुढचं गाव एका समुद्राच्या पलीकडे असतं.

मला स्वतःला ही तडजोड पटते. केबिनमुळे सगळे एका जागी राहतात, एकच शेगडी, एकच संडास. ती नसती तर तलावाच्या सबंध काठावर जाळाचे डाग दिसले असते. वीज-इंटरनेटची मागणी आली तर विरोध करायला मी तुमच्यासोबत आहे. साधेपणा हाच तिचा बचाव आहे.

---

मोडी_लिपी

कायद्यातली तरतूद मला ठाऊक नव्हती, धन्यवाद. पूर्ण पटलं नाही. शेगडी-संडासाचा मुद्दा मात्र विचार करण्याजोगा आहे.

---

सिप्ना

मी अमरावतीची. वडील वनखात्यात होते, त्यामुळे मेळघाटातली विश्रामगृहं लहानपणापासून पाहिलेली. कोलकासचं विश्रामगृह आमच्या सिपना नदीच्या वरच्या अंगाला आहे, उन्हाळ्यात तिथून नदीचे डोह दिसतात. इंग्रजांनी बांधलेल्या बंगल्यांची ती पद्धत, साहेब दौऱ्यावर येणार म्हणून खोली तयार, खानसामा तयार. सामान्य माणसाला खोली मिळायची ती ओळखीने. आता आरक्षण खुलं झालंय ही मोठी गोष्ट आहे, पण खानसामा, चौकीदार, सफाई हे सगळं असतंच, असायलाही हवं, कारण आसपासच्या कोरकू गावांतल्या लोकांना त्यावर रोजगार मिळतो.

पागोळी, तुमच्याकडे कोणीच नसताना केबिन टिकते, तर मग तोडफोड, चोरी होत नाही का? आपल्याकडे गडांवरच्या देवळांत, धर्मशाळांत राहणारे मागे काय ठेवून जातात ते पाहून हा प्रश्न पडतो.

---

दर्यावर्दी

होते. रस्त्याजवळच्या केबिनना जास्त त्रास. भिंतीवर नावं कोरतात, टेबल जाळल्याचंही पाहिलंय. जितकी पोचायला अवघड तितकी केबिन स्वच्छ, हे मी सगळीकडे पाहिलं.

पण तिला टिकवणारी एक चीज आहे, ती म्हणजे टेबलावरची नोंदवही. येणारा प्रत्येक जण त्यात लिहितो. तारीख, हवा, मासे लागले की नाही, कुठल्या बाजूला अस्वल दिसलं, होडीचं कुठलं वल्हं तडकलंय. पावसात अडकलेल्या मुलांनी काढलेली चित्रं असतात. गावातली माणसं वर्षानुवर्षं त्याच केबिनवर येतात आणि आपलीच जुनी पानं वाचतात. ज्या टेबलावर कोणाच्या तरी आजोबांनी लिहिलेलं पान आहे ते टेबल जाळायला हात सहसा उचलत नाही. तुम्ही जाल तेव्हा मराठीत लिहा. मी लिहितो.

बाकी स्वयंसेवक आणि खात्याची माणसं छपरं दुरुस्त करतात. पैसा अनेक वर्षं अपुरा होता, काही केबिन बंदही केल्या. २०२१ च्या पायाभूत सुविधांच्या कायद्यातून निधी आला आणि टाँगस, चुगॅचमध्ये नव्या केबिन बांधायचं काम सुरू झालं.

---

कातळ

सिअ‍ॅटलकरांसाठी थोडी भर. अलास्का लांब पडत असेल तर वॉशिंग्टन, ओरेगन, आयडाहो, माँटाना इथे वनखात्याचे जुने वणवा-मनोरे भाड्याने मिळतात. १९१० च्या उन्हाळ्यात आयडाहो आणि माँटानात ३० लाख एकर जंगल दोन दिवसांत जळालं. त्यानंतर डोंगरमाथ्यांवर पहारेकरी बसवायला सुरुवात झाली. १९३० च्या दशकात असे मनोरे फार मोठ्या संख्येने उभे राहिले. साधारण १४ बाय १४ फुटांची खोली, चारही बाजूंना काचा. वीज चमकायला लागली की पहारेकरी काचेच्या पायांच्या स्टुलावर उभा राहायचा, विजेचा धक्का लागू नये म्हणून. पुढे विमानांनी टेहळणी सुरू झाली आणि बरेच मनोरे पाडले गेले. वाचले त्यांतले काही आता आपल्याला राहायला मिळतात.

आमच्या जवळ स्कायकोमिशच्या बाजूला एव्हरग्रीन माउंटनचा मनोरा आहे. पाणी वर नाही, सगळं खालून वाहून न्यायचं. मनोऱ्यांना सहसा आकड्यांचं कुलूप असतं, आरक्षणानंतर आकडा कळवतात. उंच शिड्या आणि अरुंद गॅलरी असलेल्या मनोऱ्यांवर लहान मुलांना नेऊ नका. जांभूळवाडी, हे तुमच्यासाठी खास.

विजांचा कडकडाट जवळ आला तर तिथून खाली उतरायचं. सुंदर दिसतं म्हणून काचेशी उभं राहायचं नाही.

---

हिरवा_चाफा

आमच्या नॉर्वेत हेच काम सरकारऐवजी पर्यटक संघ करतो, १८६८ पासूनचा. सभासदांना एक किल्ली मिळते आणि तीच किल्ली संघाच्या कितीतरी केबिनना चालते. काही केबिनमध्ये कोठीघर असतं. पीठ, डबाबंद भाज्या, कॉफी. आपण काय वापरलं ते लिहायचं आणि पैसे भरायचे, बघायला कोणी नसतं. खोली मात्र अनोळखी लोकांसोबत वाटून घ्यावी लागते, आणि मला तेच जास्त आवडतं. अलास्कात सगळी केबिन एकाच गटाला देतात, मग सहा खाटांच्या केबिनमध्ये दोघंच राहतात आणि बाकीचे तंबूत भिजतात, हे जरा खटकतं.

---

पागोळी

चाफा, मुद्दा बरोबर आहे. थोडा उपाय इथेही केलाय. जूनोजवळच्या डॅन मोलर आणि जॉन म्युअर या केबिन दिवसा १० ते ५ सगळ्यांना खुल्या असतात. आरक्षण रात्रीपुरतं. दुपारी स्कीवरून आलेली मंडळी तुमच्या शेगडीशी हात शेकत बसलेली असतात. हे आधी न वाचता जाणारे वैतागतात, म्हणून सांगितलं.

चिचागॉफ बेटाच्या पश्चिमेला, बाहेरच्या किनाऱ्यावर व्हाइट सल्फर स्प्रिंग्जची केबिन आहे, तिथे गरम पाण्याचा झरा आहे आणि वर स्नानगृह बांधलेलं आहे. मासेमारीवरचे लोक तिथे आंघोळीला येतात. आरक्षण केबिनचं, झरा सगळ्यांचा.

---

उत्तररात्र

फेअरबँक्सला शिकतो. सगळे उन्हाळ्याचंच बोलताय, म्हणून हिवाळ्याचं लिहितो.

व्हाइट माउंटन्समधल्या डझनभर केबिनचा खरा हंगाम फेब्रुवारी-मार्च. उन्हाळ्यात मधली दलदल ओलांडता येत नाही, हिवाळ्यात ती गोठते आणि स्की, स्नोमोबाइल, कुत्र्यांच्या गाड्या सगळ्यांसाठी वाट होते. आरक्षण फक्त महिनाभर आधी उघडतं, त्यामुळे विद्यार्थ्यांनाही संधी मिळते. एलियट हायवेवरच्या २८ व्या मैलापासून ली'ज केबिन सात मैलांवर आहे, नवख्यांसाठी तीच बरी.

उणे ३० ला केबिनमध्ये पोचल्यावर काय होतं ते सांगतो. आतलं तापमानही उणे ३० च असतं. शेगडी पेटली तरी पहिला तासभर भिंती थंडी बाहेर टाकत राहतात. या तासात बसायचं नाही. एकाने लाकूड फोडायचं, एकाने बर्फ वितळवायचा. पातेल्यात तळाला थोडं पाणी ठेवून मगच बर्फ घालायचा, नुसता कोरडा बर्फ घातला तर पातेलं करपतं आणि पाण्याला जळका वास येतो. रात्री वरची खाट उकडते, खालच्या खाटेवर बाटलीतलं पाणी गोठतं. पाण्याचा फिल्टर एकदा गोठला की निकामी, म्हणून हिवाळ्यात उकळणंच. माझा फोन स्लीपिंग बॅगमध्ये असतो, नाहीतर सकाळी बॅटरी संपलेली.

ऑरोरासाठी (रात्रीच्या आकाशातला रंगीत उजेड) लोक शहरात हजारो रुपयांच्या टूर घेतात. इथे संडासाला जाताना दिसतो.

एक विनंती. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र घेतल्याशिवाय हिवाळ्यात जाऊ नका. विकत घेणं जमत नसेल तर भाड्याने घ्या. आणि परतायची वेळ गावातल्या एखाद्या माणसाला सांगून ठेवा, उशीर झाल्यावर किती तास थांबून कोणाला फोन करायचा तेही.

---

निरंजना

सगळं वाचून काढलं. भीती कमी झाली असं नाही म्हणणार, पण काय करायचं ते आता कळतंय. पापडाचा बेत रद्द.

---

जांभूळवाडी

कळवायला आनंद होतो की सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातलं नॅन्सी लेक मिळालं आणि त्याला लागून क्रेसेंट लेकच्या दोन रात्रीही. दोन प्रश्न राहिले. मुलांनी रात्री संडासाला जायचं कसं? आणि त्या दिवसांत तिथे लाकूड मिळेल की विकत घेऊन जायचं?

---

पागोळी

अभिनंदन! तारखा छान मिळाल्या, तोपर्यंत डासही ओसरतात.

रात्री रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची बाटली किंवा झाकणाचा डबा आत ठेवा, सकाळी संडासात रिकामा करायचा. मोठ्यांनीही तेच करावं. जायचंच झालं तर एकट्याने नाही, डोक्याला दिवा लावून, बोलत बोलत आणि फवारा हातात घेऊन.

नॅन्सी लेकला लाकूड गाडीतून न्या, पण इथेच, जवळच्या दुकानातून विकत घेतलेलं. लांबचं लाकूड आणलं की त्यातून कीड येते. कीनायवर स्प्रूसच्या सालीतल्या भुंग्याने केवढं जंगल मारलंय ते वाटेत दिसेलच. क्रेसेंटला पाठीवर लाकूड नेणं शक्य नाही, तिथे वाळलेलं शोधून गोळा करायचं. केबिनच्या आसपासचं लोकांनी वेचून संपवलेलं असतं. होडी घेऊन काठाकाठाने थोडं लांब जा, मुलांना लाइफ जॅकेट घालून. मोठ्याला करवत धरायला द्या, धाकट्याला ढलप्या वेचायला. निघायच्या दिवशी फोडायला वेळ मिळत नाही, म्हणून आदल्या दुपारीच पुढच्यांचं लाकूड रचून ठेवा.

आरक्षणाचा कागद छापून न्या. फोनमधला तिथे उघडणार नाही.